सर रिचर्ड टेंपल यांचे दोन दुष्काळ

दुष्काळाची गोष्ट निघाली म्हणजे आमच्या व्यापारी मित्रांकडून एक आक्षेप ठरलेला येतो. सरकारनें धान्य कोठवर पुरवावें? लक्षावधि तोंडांस अन्न घालणें हें कोणत्याहि राजसत्तेच्या आवांक्यांतलें नव्हे. आणि घातलेंच तर लोक ऐतखाऊ होऊन बसतील, असा तो आक्षेप होय. यांतील पहिलें म्हणणें खरें कीं खोटें हें नुसत्या तर्कानें ठरविण्याचें कारण नाहीं. तें एका मनुष्याच्या चरित्रांत प्रत्यक्ष कसास लागलेलें आहे. १८७७ पासून १८८० पर्यंत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले सर रिचर्ड टेंपल हे ते गृहस्थ. यांच्या हातून एक दुष्काळ असा निभावला गेला कीं उपासानें मेलेला मनुष्य शोधूनच काढावा लागे. आणि त्यानंतर तीनच वर्षांनीं दुसऱ्या दुष्काळांत यांनींच घालून दिलेल्या मापानें लोकांच्या पोटास चिमटा बसला. मनुष्य तोच, अधिकार बहुतेक तोच, तिजोरीहि तीच. मग मध्यें बदललें तें काय, हें पाहण्याचें आज आम्हीं योजिलें आहे.

टेंपलसाहेबांचा जन्म इंग्लंडांत वुस्टर परगण्यांतील केंप्सी येथें ८ मार्च १८२६ रोजीं एका जमीनदार घराण्यांत झाला. रग्बीची शाळा व कंपनीसरकारचें हेलिबरी येथील विद्यालय यांतून शिकून ते ऐन विशींत हिंदुस्थानांत आले. पंजाबांत सर जॉन लॉरेन्स यांचे चिटणीस म्हणून त्यांचें नांव झालें. लेखणीचा झपाटा, घोड्यावरची मांड आणि वरिष्ठांच्या मनांतलें ओळखण्याची हातोटी या तीन गुणांवर ते भराभर वर चढले. १८६२ पासून १८६७ पर्यंत ते नागपुरास मध्यप्रांताचे चीफ कमिशनर होते. गांवच्या मालगुजारास जमिनीचा मालक ठरविणारी तिकडील व्यवस्था त्यांच्याच अमदानींत रुजली. तिनें कुळांचें भलें झालें कीं वाईट हा वाद निराळा, त्यांत आम्ही आज शिरत नाहीं. पुढें हैदराबादची रेसिडेंटी, परराष्ट्रखातें, आणि १८६८ पासून हिंदुस्थानसरकारच्या जमाखर्चाचा कारभार. पैशाची किंमत ज्यास कळत नाहीं असा हा अधिकारी नव्हता, एवढें वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

१८७३ सालीं बिहारांत व उत्तर बंगाल्यांत पाऊस वेळेपूर्वींच थांबला आणि हिंवाळी भाताचें पीक उभ्या उभ्या करपलें. सात वर्षांपूर्वींचा ओरिसाचा दुष्काळ सर्वांच्या डोळ्यांपुढें होता. १८६६ सालीं त्या प्रांतांत सुमारें दहा लक्ष माणसें मेलीं. बाहेरून धान्य आणावें हें सरकारच्या मनांत आलें खरें, पण तोंवर पावसाळा लागून तेथल्या किनाऱ्यावर गलबत लागण्याची सोय उरली नव्हती. तो कलंक पुन्हां लागूं द्यावयाचा नाहीं, असा निश्चय त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड नॉर्थब्रुक यांनीं केला, व जानेवारी १८७४ मध्यें टेंपलसाहेबांस बिहारांत धाडिलें. त्याच सालीं ते बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नरहि झाले.

येथें आमच्या व्यापारी वाचकांनीं एक गोष्ट विशेषेंकरून पाहावी. बंगालचे आधींचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉर्ज कँबेल यांचें म्हणणें असें होतें कीं प्रांतांतून परदेशीं होणारी धान्याची रवानगी बंद करावी. नॉर्थब्रुकसाहेबांनीं तें मानिलें नाहीं. त्यांनीं व्यापाऱ्याच्या वखारीस हात लाविला नाहीं. सरकारच गिऱ्हाईक होऊन ब्रह्मदेशाच्या बाजारांत उतरलें. सुमारें साडेचार लाख टन तांदूळ तिकडून समुद्रमार्गें आला. निर्यातबंदी न करण्यांत शहाणपण होतें कीं भीड होती, याविषयीं मतभेद होऊं शकेल. परंतु सरकारनें अन्न पुरविलें म्हणजे व्यापार बुडतो ही समजूत मात्र त्या वर्षानें खोटी पाडिली.

तांदूळ कलकत्त्याच्या धक्क्यावर उतरणें ही अर्धीच गोष्ट. तो तिरहुतच्या खेड्यांतल्या चुलीपर्यंत जावयाचा होता. आगगाडीचा रस्ता गंगेच्या दक्षिणेकडून गेलेला, आणि उपासमार पसरलेली उत्तरेस. तेव्हां आगबोटी आल्या, नावा आल्या, हजारों बैलगाड्या भाड्यानें धरिल्या. आणि एवढ्यानें भागेना तेव्हां गंगेच्या उत्तर कांठापासून दरभंग्यापर्यंत नवा लोहमार्गच थोड्या आठवड्यांत टाकून १८७४ च्या उन्हाळ्यांत त्यावरून धान्य वाहूं लागले. गांवांचे गट पाडून प्रत्येक गटावर अंमलदार नेमिला, त्याच्याजवळ धान्याचें कोठार दिलें, आणि भुकेला मनुष्य दारीं येईपर्यंत वाट न पाहतां तो कोणत्या घरांत पडून आहे याचा शोध करण्याचें काम त्याजकडे सोंपविलें. ज्याच्या अंगांत बळ त्यास रस्त्याचें किंवा तलावाचें काम. ज्यास पुढील पिकाचा भरंवसा त्यास धान्य उसनवार. ज्याच्या गांठीं थोडेबहुत पैसे त्यास बेताच्या दरानें विक्री. आणि आंधळे, पांगळे, म्हातारे यांस फुकट शिधा. टेंपलसाहेब स्वतः घोड्यावरून जिल्हेच्या जिल्हे तुडवीत होते. फळ काय झालें? पावणेदोन कोटींवर वस्तीच्या मुलुखांत भूकबळींची संख्या अगदींच अल्प भरली. इंग्रजी अमलांत इतका मोठा अवर्षणाचा घाला इतक्या थोड्या प्राणहानीनें टळल्याचें उदाहरण तोंपर्यंत झालें नव्हतें.

आतां या कामगिरीबद्दल त्यांस मिळालें काय तें ऐका. खर्चाचा आंकडा सहा कोटि रुपयांच्या वर गेला होता आणि दुष्काळ हटला तेव्हां सुमारें एक लाख टन तांदूळ शिल्लक राहिला. तो पडत्या भावानें विकावा लागला. एवढें निमित्त पुरलें. विलायतेंतलीं अर्थशास्त्राचीं पत्रें व इकडील अधिकारीमंडळ उधळपट्टीची ओरड करूं लागलें. हिंदी रयतेस जगविणें हें सरकारचें काम आहे अशी वाईट संवय टेंपलनें लोकांस लाविली, असा आरोपाचा रोख होता. वाचकहो, हा आरोप होता, स्तुति नव्हती! त्यांतहि गंमत अशी कीं माणसें मेलीं नाहींत यावरूनच दुष्काळ मुळीं पडलाच नव्हता असें अनुमान कांहीं टीकाकारांनीं काढिलें. दुकानास आग लागली नाहीं म्हणून विम्याचा हप्ता बुडाला असें आमच्या पेठेंतला कोणी शहाणा दुकानदार म्हणणार नाहीं. पण राज्याच्या जमाखर्चांत वांचलेल्या जिवांचें खातेंच नसतें, शिल्लक राहिलेल्या पोत्यांचें तेवढें असतें. हा बोल टेंपलसाहेबांच्या जिव्हारीं लागला असला पाहिजे. पुढें जें घडलें त्याचा उलगडा दुसऱ्या कोणत्याहि रीतीनें आम्हांस होत नाहीं.

१८७६ चा पावसाळा दक्षिणेंत फसला. सोलापूर, अहमदनगर, पुणें, सातारा, त्या वेळीं कलादगी म्हणून ओळखला जाणारा विजापूर जिल्हा, बेळगांव, धारवाड, निजामाचें राज्य, म्हैसूर आणि मद्रास इलाख्याचा फार मोठा भाग एकदम होरपळून निघाला. नॉर्थब्रुक परत गेले होते. लॉर्ड लिटन हे नवे व्हाइसरॉय होते. १ जानेवारी १८७७ रोजीं दिल्लीस मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीस कैसर-इ-हिंद ही पदवी जाहीर करण्यांत आली. त्या दरबारास पुण्याच्या सार्वजनिक सभेकडून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे सार्वजनिक काका, हातच्या सुताची खादी नेसून गेले होते. मद्रास सरकारनें गुपचूप धान्य खरेदी करण्यास प्रारंभ केला होता. त्यास वरून ताकीद मिळाली. व्यापारांत हात घालूं नये, खर्च आंवरावा, ही हिंदुस्थानसरकारची आज्ञा. ती अमलांत आणण्यासाठीं जो प्रतिनिधि निवडला तो कोण? तर बिहारांत उधळपट्टी केल्याचा शिक्का ज्याच्या कपाळीं बसला होता तोच टेंपल. शिक्का पुसण्याची याहून चांगली संधि त्यांस मिळती ना.

ती त्यांनीं वाया जाऊं दिली नाहीं. जानेवारीच्या सुरवातीसच ते निघाले, आणि ज्या घोडदौडीनें बिहारांत उपाशी माणूस हुडकला त्याच घोडदौडीनें मद्रास इलाख्यांत नको तितक्यांना अन्न मिळतें आहे काय हें हुडकूं लागले. मदतकामांच्या पटावरून लाखों नांवें उडालीं. उरलेल्यांसाठीं मजुरीचें नवें माप ठरलें: धडधाकट पुरुषास दिवसाचें एक रत्तल धान्य व वर एक आणा, बाईस आणि काम करणाऱ्या मुलास याहून कमी. रत्तल म्हणजे आपले सुमारें ३९ तोळे, अर्ध्या शेरास तोळाभर उणा. एवढ्यावर मनुष्यानें उन्हांत दिवसभर खडी फोडावयाची किंवा मातीच्या पाट्या वाहावयाच्या. एक आण्यांत दाळ, मीठ, सरपण जें काय येईल तें. तें हि दुष्काळाच्या भावानें! आमच्यापैकीं ज्यांच्या दुकानीं हमाल आहेत त्यांनीं आपल्या हमालाची भाकरी एकदां डोळ्यांसमोर आणावी.

मद्रासचे आरोग्यखात्याचे कमिशनर डॉ. कॉर्निश यांनीं या मापास उघड विरोध केला. दक्षिणेंतील लोकांच्या आहारावर व तुरुंगांतील शिध्यावर त्यांचा अनेक वर्षांचा अभ्यास होता. श्रम करणाऱ्यास निदान दीड रत्तल धान्य आणि त्यावर डाळ-भाजी पाहिजे, नाहीं तर शरीर आंतून झिजून लहानशा आजारानेंहि माणूस जातो, असें त्यांचें मत होतें. टेंपलसाहेबांनीं मजुरांचे तांडे पाहून प्रकृति ठीक दिसते असा निर्वाळा दिला. डॉक्टर मृत्यूचे आंकडे पुढें करीत होते आणि साहेब डोळ्यांनीं दिसलेलें सांगत होते. मार्चमध्यें मद्रास सरकारनें अर्धीमुर्धी माघार घेऊन सवा रत्तल धान्य व थोडी डाळ देऊं केली. पण तोंपर्यंत दोन महिने गेले होते, आणि उपाशी माणसाचे दोन महिने म्हणजे काय हें निराळें सांगावयास नको.

इकडे आपल्या देशावर धोंड–मनमाड लोहमार्गाची माती, नीरेचा कालवा, माणदेशांतला म्हसवडचा तलाव, सोलापुराकडील आष्टीचा तलाव अशीं मोठालीं कामें निघालीं होतीं. कामें चांगलीं होतीं, त्यांचा उपयोग पुढें पिढ्यान्‌पिढ्या झाला, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु नव्या मापाबरोबर नवा नियमहि आला. गांवाजवळचें लहान काम बंद करावयाचें आणि दहा दहा मैलांवरच्या छावणींत माणसें पाठवावयाचीं. म्हणजे जो खरा गरजू असेल तोच येईल. गरजेची परीक्षा पायांनीं! ज्याच्या पायांत दहा मैल चालण्याचें बळ उरलें नाहीं तो या परीक्षेंत गरजू ठरत नव्हता, हें ती योजना करणारांच्या ध्यानांत आलें नाहीं असें कसें म्हणावें?

या वेळीं दक्षिणेंतल्या अडाणी म्हणविणाऱ्या कुणब्यांनीं जें केलें तें इतिहासांत फारसें लिहिलें गेलें नाहीं. १८७७ च्या जानेवारीपासून मार्चपर्यंत मुंबई इलाख्यांत लाखावर लोकांनीं सरकारी कामाकडे पाठ फिरविली. कोणी दूरच्या छावणीस जाण्याचें नाकारलें, कोणी छावणी सोडून घरची वाट धरिली. पोटांत अन्न नसतां केलेला हा संप होता. सरकारपक्षाचें म्हणणें पडलें कीं काम सोडून गेले त्या अर्थीं त्यांस गरज नव्हती. सार्वजनिक सभेनें मात्र त्यांची बाजू घेतली. सभेचीं माणसें जिल्ह्याजिल्ह्यांत हिंडून भाव, मजुरी, मृत्यु, गुरांची विक्री यांची खडान्‌खडा माहिती जमवीत आणि ती अर्जांतून सरकारपुढें मांडीत. त्याच सालीं पुण्याजवळ धनकवडी येथें जोतीराव फुले व त्यांचे सत्यशोधक सहकारी यांनीं उपाशी मुलांसाठीं बालाश्रम चालविला. दोन्ही कामें मोलाचीं. पण एवढा अफाट मुलूख वर्गणीवर जगवावयाचा नसतो.

व्यापाऱ्यांनीं दुष्काळांत धान्य दडपलें म्हणून माणसें मेलीं असें सरसकट म्हणणें आमच्या मतें न्यायाचें नाहीं. रेल्वेनें उत्तरेकडून सोलापुरापर्यंत धान्य आलें, तें व्यापाऱ्यांनींच आणलें. अडचण निराळीच होती. बाजारांत पोतीं होतीं, पण शेत उजाड, बैल विकलेले, विणकराच्या लुगड्यास गिऱ्हाईक नाहीं, अशा माणसाच्या हातांत पैसा कोठून यावा? ज्यास विकत घेण्याची ऐपत नाहीं त्याची भूक बाजारास ऐकूं येत नाहीं. धान्य जेथें पैसा असेल तेथें जातें. या दुष्काळाच्या काळांतच सुमारें तीन लाख वीस हजार टन गहूं हिंदुस्थानांतून इंग्लंडास गेला. मजुरी थोडी बरी ठेविली असती तर त्याच व्यापाऱ्यांनीं त्यांतला कांहीं माल देशाकडे वळविला असता, कारण मग तेथें गिऱ्हाईक असतें. सरकारनें मजुरींत वांचविलेला आणा हा शेवटीं आमच्या पेठेंतूनहि वांचला, ही गोष्ट व्यापाऱ्यांनीं पुष्कळ वेळां नजरेआड केली आहे.

मे १८७७ पासून टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले. त्या दुष्काळांत इंग्रजी मुलुखांत पन्नास लाखांवर माणसें मेलीं असा पुढें हिशेब झाला. दुष्काळाचा विमा म्हणून दर साल दीड कोटि रुपये बाजूस काढावे असें लिटनसरकारनें ठरविलें आणि त्याच्या भरपाईसाठीं १८७८ सालीं व्यापारी व कारागीर यांजवर लायसेन्सचा कर बसविला. सुरतेस त्यावरून दुकानें बंद पडलीं, दंगा झाला. कर देण्यास कुरकुर करणारांची बाजू आम्ही एरवीं घेत नाहीं. पण पुढच्याच सालीं अफगाणिस्तानच्या युद्धापायीं ती विम्याची रक्कम बाजूस राहिली, तेव्हां ज्यांनीं उपाशी बांधवांसाठीं म्हणून पैसा भरला त्यांनीं फसवणूक झाली असें म्हटलें तर त्यांस दोष कोण देईल? त्याच युद्धासाठीं टेंपलसाहेबांच्या देखरेखीखालीं सिंधमधून सीबीपर्यंत सुमारें १३४ मैलांचा लोहमार्ग १०१ दिवसांत टाकला गेला. दरभंग्याच्या वेळची कर्तबगारी यत्किंचितहि कमी झाली नव्हती. ती कोणत्या कामास जुंपावयाची एवढेंच वरून बदललें होतें.

फौजेच्या हिशेबखात्यांतला वासुदेव बळवंत फडके नांवाचा एक कारकून याच दुष्काळांत गांवोगांव हिंडला होता. मरणारीं माणसें पाहून त्याच्या मनानें जें घेतलें त्यांतून १८७९ चें बंड उभें राहिलें, आणि खुद्द गव्हर्नराच्या डोक्यावर त्यानें बक्षीस लावलें. जुलैमध्यें तो पकडला गेला. त्याचें वकीलपत्र सार्वजनिक काकांनीं घेतलें. एडनच्या तुरुंगांत १८८३ सालीं तो मेला. टेंपलसाहेब त्याच्या पूर्वींच, १८८० सालीं, पार्लमेंटच्या निवडणुकीस उभे राहण्यासाठीं मुंबई सोडून गेले. त्या खेपेस ते पडले. १८८५ पासून दहा वर्षें मात्र त्यांस सभासदत्व लाभलें. पुस्तकें लिहिलीं, चित्रें काढलीं, १८९६ सालीं दोन भागांत आपलें चरित्रहि प्रसिद्ध केलें, आणि १५ मार्च १९०२ रोजीं लंडनजवळ हँपस्टेड येथें ते वारले.

टेंपलसाहेबांस राक्षस ठरविणें सोपें आहे, पण तसें केल्यानें खरी गोष्ट हातची निसटते. ते राक्षस असते तर बिहार जगला नसता. ते आज्ञेचे बंदे होते. नॉर्थब्रुक यांनीं किती मेले हें विचारलें तेव्हां त्यांनीं माणसें वांचविलीं. लिटन यांनीं किती खर्च झाला हें विचारलें तेव्हां त्यांनीं पैसा वांचविला. रयतेच्या हातांत त्या वेळीं कसलाच कायदा नव्हता. जें मिळे ती मेहेरबानी, आणि मेहेरबान बदलला कीं रत्तलाचें मापहि बदले.

१८७८ सालीं सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालीं दुष्काळ-कमिशन नेमलें गेलें. दुष्काळांत मदत करणें हें राज्याचें कर्तव्य आहे, हें त्याच्या १८८० च्या अहवालांत लेखीं कबूल झालें व १८८३ सालीं फॅमिन कोडाचा नमुना तयार झाला. कोड अपुराच होता. पण १८९६ सालीं पुन्हां दुष्काळ पडला तेव्हां टिळकांच्या केसरीनें त्याच कोडांतील कलमें मराठींत करून खेड्याखेड्यांत पोंचविलीं, आणि सार्वजनिक सभेचीं माणसें रयतेस सांगत फिरलीं कीं हें भीक नव्हे, मागून घ्या. सरकारास तें इतकें झोंबलें कीं १८९७ सालीं सभेची मान्यताच काढून घेतली. १९४३ सालीं बंगाल्यांत कोड दप्तरांत असतां दुष्काळ जाहीरच केला नाहीं, व तीस लाखांच्या सुमारास लोक प्राणास मुकले.

महाराष्ट्रांत १९७२ सालीं पाऊस तसाच फसला. मुलूखहि बहुतेक तोच, सोलापूर, नगर, बीड, माणदेश. १९७३ च्या उन्हाळ्यांत सुमारें पन्नास लाख माणसें सरकारी कामांवर होतीं. मजुरी थोडी, वेळेवर न मिळणारी, आणि मिळालेल्या सुकडीच्या व मिलोच्या आठवणी कोणी हौसेनें काढीत नाहींत. तरीपण १८७७ सारखे रस्त्यांवर मुडदे पडले नाहींत. त्या अनुभवांतून रोजगार हमीचा कायदा विधिमंडळानें १९७७ सालीं केला व २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. काम मागणाऱ्यास पंधरा दिवसांत काम मिळालें नाहीं तर सरकारनें त्यास भत्ता द्यावा, असें त्यांत लिहिलें होतें. टेंपलसाहेबांच्या रत्तलास त्या वर्षीं बरोबर शंभर वर्षें झालीं होतीं.